गेल्या आठवड्यात

सकाळचे साडेआठ. तंजावरच्या या रुग्णालयाच्या व्हरांड्यात ऊन अजून पायरीपाशीच आहे, पण भिंती आताच तापल्यात. बाक केव्हाच भरले. उरलेली माणसं भिंतीला पाठ टेकून खाली बसली आहेत. जवळजवळ प्रत्येकाच्या मांडीवर एक पिवळी कापडी पिशवी आहे. मंजप्पै म्हणतात तिला इथं. कापडदुकानातून मिळालेली, नाहीतर कोणाच्या तरी लग्नात नारळ-पानसुपारी घालून दिलेली. आता तिच्यात फाइल, स्कॅनच्या फिल्मची सुरळी, स्टीलचा डबा आणि पाण्याची बाटली आहे.

माझ्या शेजारी आक्का आहेत. त्यांच्याच घरी मी आठ दिवस उतरले आहे. त्यांचे पूर्वज व्यंकोजी राजांच्या मागोमाग इकडे आले आणि साडेतीनशे वर्षं त्यांच्या घरात मराठी टिकली. ती मराठी मला इथं जशीच्या तशी उतरवता येणार नाही. क्रियापदं जुनी, हेल तमिळ, आणि मधूनच एखादा शब्द असा येतो की मला माझी पणजी आठवते. नऊ वर्षांपूर्वी आक्कांचा उजवा स्तन काढला, काखेतल्या गाठीही काढल्या. उपचार संपले तसा त्यांनी एक नेम धरला: दर बुधवारी या व्हरांड्यात येऊन बसायचं. त्या कुठल्या संस्थेच्या नाहीत, कोणी त्यांना नेमलेलं नाही. फाइल कुठल्या खिडकीत द्यायची ते सांगतात, एकट्या आलेल्या बाईची पिशवी सांभाळतात, आणि पहिल्यांदा आलेल्या माणसाच्या शेजारी नुसत्या बसून राहतात.

दारावर तमिळमध्ये पाटी आहे. आक्का मला अक्षरं लावून दाखवतात: पुट्रुनोय. नोय म्हणजे रोग, आणि पुट्रु म्हणजे वारूळ. आपण खेकड्यावरून कर्करोग म्हणतो, इथं तो वारुळाचा रोग आहे. आतून पोखरत, वर माती काढत वाढणारा. मला हा शब्द ऐकून शहारा येतो. आक्कांना येत नाही. "आमची देवीच वारुळाची की," त्या म्हणतात. शहराबाहेर पुन्नैनल्लूरला मारिअम्मनचं देऊळ आहे, व्यंकोजी राजांना स्वप्नात दृष्टांत झाला आणि ते उभं राहिलं असं सांगतात. तिथली मूर्ती वारुळाच्या मातीची. माती म्हणून तिला पाण्याचा अभिषेक करत नाहीत. तिथल्या तळ्यात लोक गुळाचे खडे सोडतात. तमिळमध्ये गुळाच्या खड्यालाही कट्टी म्हणतात आणि अंगावर उठलेल्या गाठीलाही कट्टीच. गूळ विरघळतो तशी गाठ विरघळू दे, एवढंच मागणं. "मीही सोडला होता," आक्का सांगतात. "गूळ सोडला आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेशनला आले. दोन्ही केलं."

नर्सिंगची एक मुलगी येते. बावीस-तेवीस वर्षांची, गुलाबी कोट, केसांत मल्लिगैचा वीतभर गजरा. हातात फॉर्मचा गठ्ठा. कर्करोगाच्या वेगवेगळ्या रुग्णांचं जगणं कसं चाललंय, हा तिच्या अभ्यासाचा विषय आहे. फॉर्म युरोपातल्या कर्करोग-संशोधन संस्थेनं 1993 साली प्रसिद्ध केलेला. आज तो जगभर वापरतात, मराठीतही आहे आणि तमिळमध्येही. तीस प्रश्न. चालता येतं का, झोप लागते का, मळमळतं का, वर्तमानपत्र किंवा टीव्हीवर लक्ष लागतं का, चिडचिड होते का, पैशाची ओढाताण होते का. पहिल्या अठ्ठावीस प्रश्नांना चारांपैकी एक उत्तर: मुळीच नाही, थोडं, बरंच, खूप. शेवटच्या दोनांना एक ते सातांतला आकडा. एकोणतिसावा प्रश्न एकूण तब्येतीचा, तिसावा एकूण जगण्याचा. आणि सुरुवातीचे पाच सोडले तर प्रत्येक प्रश्न गेल्या आठवड्याबद्दल. त्याआधी काय झालं किंवा पुढं काय होणार, हे हा फॉर्म विचारत नाही. फक्त गेले सात दिवस.

मुलगी आक्कांकडे बघून हसते. आक्का असल्या की तिचं काम सोपं होतं.

पहिली बाई पन्नाशीची. ओरत्तनाडूच्या अलीकडच्या एका गावातून पहाटेच्या बसनं आली आहे. भातलावणीची मजूर. वयात आल्यापासून पान खात होती, पानात तंबाखू. तंबाखू तोंडात असली की दुपारपर्यंत भूक कळत नाही. चिखलात वाकून सहा तास काढायचे तर भूक न कळलेलीच बरी, असं तिचं गणित होतं. आता डाव्या गालाचा आतला भाग आणि जबड्याच्या हाडाचा तुकडा काढलाय, छातीवरचं मांस घेऊन गालात बसवलंय. त्यानंतर किरणोपचार झाले. मानेची कातडी एका चौकोनापुरती काळी पडली आहे, जणू तेवढ्याच जागी कोणी विस्तव धरला होता. लाळेच्या ग्रंथी सुकल्यात. ती दर दोन मिनिटांनी बाटलीचं झाकण काढते, एक घोट तोंडात घेते, फिरवते, गिळते.

मुलगी पहिला प्रश्न वाचते: जड पिशवी किंवा सूटकेस उचलून नेताना त्रास होतो का? बाई गोंधळते. आयुष्यात तिनं सूटकेस उचललेली नाही. मुलीला शब्द बदलायची मुभा नाही, म्हणून ती तोच प्रश्न पुन्हा वाचते. आक्का हळूच म्हणतात, "कुडम." पाण्याची घागर. बाईचा चेहरा उजळतो. कमरेवर घेते की! कोंजम त्रास. थोडा.

असं एकेक पुढं सरकतं. दुखतं का? कोंजम. थकवा? रोंब. रोंब म्हणजे खूप, आणि ती तो शब्द असा ओढते की मुलीला आकडा विचारावा लागत नाही. पैशाची अडचण? पुन्हा रोंब. मुख्यमंत्री विमा योजनेत ऑपरेशनला आणि किरणांना पैसे पडले नाहीत. पण तीसेक दिवस रोज येणं-जाणं, सोबत येणाऱ्या मुलीची बुडालेली मजुरी, आणि स्वतःची, हे कुठल्याच योजनेत बसत नाही.

डोक्या-मानेच्या कर्करोगासाठी एक जादा पान आहे. तोंड उघडतं का, लाळ चिकट होते का, चारचौघांत खायला अवघड वाटतं का. इथं ती थांबते. या मुलखात भेटलेला माणूस कसं काय विचारत नाही, साप्टींगळा विचारतो. जेवलात का? दारात, बसमध्ये, शेताच्या बांधावर, दिवसातून वीस वेळा. आणि ती खाते ती पेज. गाळलेली, मीठ-तिखट नसलेली, आणि चव तर नाहीच. भातपिकात जन्म गेलेल्या बाईला भाताचा दाणा चावता येत नाही. "कोणी विचारलं की हो म्हणते," ती सांगते. व्यंजनं घसरतात, स्वर तेवढे नीट येतात. आक्का ऐकून मला मराठीत सांगतात.

ती पिशवीतून रबर लावलेली एक जुडी काढते. लाकडी चपट्या काड्या, घसा बघताना डॉक्टर जिभेवर ठेवतात तसल्या. धडधाकट माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटं उभी मावतात. हिच्या तोंडात किरणांनंतर एक जेमतेम मावत होतं. स्नायू आखडून जबडा मिटत जातो, म्हणून व्यायाम दिलाय: दातांमध्ये काड्यांची चळत धरायची, दर दोन-तीन दिवसांनी मध्ये आणखी एक सरकवायची. सुरुवात पाच काड्यांनी झाली. ती आत्ता आमच्यासमोर चळत दातांत धरते, डोळ्यांत पाणी येतं, आणि बोटांनी दाखवते: अकरा.

"अकरा कशाला पुरतात?" मी विचारते. आक्का तमिळमध्ये सांगतात. बाई काड्या काढून पदरानं पुसते, नीट जुळवून रबर लावते, मग म्हणते, "कुलवै."

फॉर्ममध्ये हा शब्द नाही. कुलवै म्हणजे बायका जीभ भराभर हलवून काढतात तो लांब, थरथरता, कानात घुसणारा आवाज. बंगाली बायकांचा उलू आपण ऐकलेला असतो, त्याच्याच जातीचा. मारिअम्मनच्या दारात कुलवै, लग्नात कुलवै, आणि लावणीचं पहिलं रोप रोवताना कुलवै. तिच्या टोळीत ती सुरू करणारी होती. ती उचलायची आणि मग बाकीच्या वीस जणी. तिच्या आवाजानं शेजारच्या शेतातली माणसं माना वर करायची, हे सांगताना तिची मान आपोआप ताठ होते. गेल्या वर्षीच्या लावणीला ती रुग्णालयात होती. टोळीनं कुलवै घातली की नाही, हे तिनं कोणाला विचारलं नाही.

मुलगी पेन हातात धरून बसली आहे. हे कुठं लिहायचं? छंदांत? सामाजिक व्यवहारांत? शेवटी ती समासात पेन्सिलीनं तो शब्द लिहून ठेवते. मग शेवटचा प्रश्न. एक ते सात, गेल्या आठवड्यातलं एकूण जगणं.

बाई कागदावरच्या सात आकड्यांकडे बघत राहते. "नंतर सांगते," म्हणते.

मला माझे वडील आठवतात. पुण्यात त्यांचं स्वरयंत्र काढलं तेव्हा आम्ही त्यांच्या हाताशी एक पाटी ठेवली होती. पाणी, पंखा, गोळी, असं ते लिहायचे आणि आम्ही धावायचो. आमची सेवा चोख होती. रिपोर्ट आम्हाला पाठ होते. एके दिवशी त्यांनी पाटीवर लिहिलं: बोला. आमच्यापैकी कोणालाच कळलं नाही. त्यांना बोलता येत नाही म्हणून त्यांच्यासमोर आम्हीही बोलायचं सोडलं होतं, घर महिनाभर कुजबुजत होतं, हे त्यांनी तो शब्द तीनदा लिहिल्यावर कळलं. गेल्या आठवड्यात तुम्हाला काय कमी पडलं, हा एक प्रश्न आम्ही त्याआधी कधीच विचारला नव्हता. म्हणून हा तीस प्रश्नांचा कागद कितीही परका, कितीही सूटकेसवाला असला तरी मला त्याच्याबद्दल आदर वाटतो. तो निदान विचारतो.

दहा वाजतात. चहा-कॉफीचा माणूस येऊन जातो. कॉफी घेताना आक्का पेला डाव्या हातात धरतात. उजव्या हातावर मनगटापासून खांद्यापर्यंत घट्ट विणीची बाही आहे, कातडीच्या रंगाची. काखेतल्या गाठी काढल्या की हातातलं लसिकेचं पाणी वर सरकायची वाट अरुंद होते, कित्येकींचा हात सुजतो, जड होतो. बाही घातली तर सूज आटोक्यात राहते, पण जूनच्या या उन्हात ती बाही म्हणजे दिवसभर कोणीतरी हात पिळत असल्यासारखं. या हाताला सुई टोचू द्यायची नाही, रक्तदाबाचा पट्टा बांधू द्यायचा नाही, भाजू-कापू द्यायचं नाही. आणि कोलम? आक्का पहाटे पाचला दार उघडून सडा घालतात, तांदळाच्या पिठाचे ठिपके मांडतात आणि त्यांच्याभोवती रेषा फिरवतात. साठ वर्षं उजव्या हातानं काढलेला तो कोलम गेली काही वर्षं त्या डाव्या हातानं काढतात. आज पहाटे मी उंबऱ्यात उभी राहून पाहिलं. ठिपके एका ओळीत नव्हते. रेषा एका वळणावर थरथरली, पिठाचा ढीग पडला. त्यांनी तो बोटानं सारखा केला आणि पुढं गेल्या. मी उजव्या हाताबद्दल हळहळले तर म्हणाल्या, "डावा लहान आहे अजून. सहा वर्षांचा. सुधारेल."

दुपारकडे एक गृहस्थ येतात, पांढरीशुभ्र वेष्टी, कपाळावर विभूती, गळ्यात रुद्राक्ष. तविल वाजवतात. तविल हा नादस्वरमच्या जोडीचा ढोल, उजव्या बाजूला बोटांवर कडक टोपणं चढवून वाजवायचा, डाव्या बाजूला लाकडी काठीनं. मिरवणुकीत तो खांद्यावरच्या पट्ट्यानं पोटाशी लटकतो. आणि यांच्या पोटावर, डाव्या बाजूला, आता पिशवी आहे. गुदाशयाचा कर्करोग होता, मलमार्ग पोटातून बाहेर काढला. तविल पिशवीवर घासू नये म्हणून त्यांनी पट्ट्याला कापसाची जाड गादी शिवून घेतली आहे आणि उभ्यानं वाजवणं जवळपास सोडलंय. बसून वाजवतात.

मला वाटतं घासण्याचा त्रास हाच त्यांचा मोठा त्रास असेल. ते मान हलवतात. "वाजवताना काही नाही हो," ते आक्कांना सांगतात. त्यांचा आवाज खाली येतो. "थांबल्यावर." मंगळसूत्र बांधायच्या वेळी गेट्टीमेळम होतो, सगळी वाद्यं एकदम कडाडतात, तेव्हा कोणाला काय ऐकू येणार? पण नादस्वरम एकटा राग आळवायला लागतो, तविल गप्प मांडीवर असतो, मांडव शांत होतो. नेमकी तेव्हा पिशवी बोलते. वायू सुटतो, त्याच्यावर त्यांचा ताबा नाही. एकदा पुढच्या रांगेतलं एक पोर हसलं. तेव्हापासून कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळपासून ते काही खात नाहीत. चार तास उपाशीपोटी तविल. गावच्या देवळातला उत्सवही त्यांनी दोन वर्षं टाळला. पोटावर हे बांधून देवासमोर कसं बसायचं? आक्का एवढ्यातच त्यांना अडवतात. पलीकडच्या दोन-तीन बाया वळून बघतात इतक्या जोरात त्या काहीतरी बोलतात. मला नंतर सांगतात: "विचारलं, देवानं काय आतडं न बघताच माणूस घडवला?"

फॉर्मवर त्यांच्या पोटदुखीला मुळीच नाही, थकव्याला थोडं, आणि लोकांत मिसळण्याच्या अडचणीला खूप. मुलगी त्यांना आतल्या खोलीत पाठवते. पिशवी रिकामी कधी करायची, पोट ठरल्या वेळी धुऊन काही तास निर्धास्त कसं राहायचं, हे शिकवणारी नर्स तिथं आहे. हे त्यांना ऑपरेशननंतर दोन वर्षांनी कळतंय.

याच आजारानं इथल्या एका बाईचा जन्मभराचा मार्ग ठरवला. तंजावरपासून दीड-दोन तासांवर पुदुकोट्टई. तिथं 1886 साली जन्मलेल्या डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी. आई देवदासी समाजातली, मुलगी डॉक्टर झाली आणि पुढं देवदासी प्रथेविरुद्ध कायद्यासाठी लढली. त्यांची धाकटी बहीण गुदाशयाच्या कर्करोगानं डोळ्यांदेखत गेली. त्या मरणाचा सल त्यांनी तीस-एक वर्षं सोडला नाही, आणि 1954 साली मद्रासला अड्यारमध्ये कर्करोग रुग्णालय उभं केलं. सुरुवात झोपड्यांतून झाली. डॉ. शांता यांनी पुढं सारं आयुष्य त्याच आवारात राहून ते वाढवलं. या व्हरांड्यातल्या निम्म्या फाइलींमध्ये कुठं ना कुठं अड्यारचा शिक्का असतो.

रक्ताच्या कर्करोगाचा एक पंधरा वर्षांचा मुलगा मामाबरोबर आलाय. मास्कच्या वर फक्त डोळे दिसतात. पांढऱ्या पेशी कमी, म्हणून गर्दी नको, कच्चं काही नको, ताजी फुलंही जवळ नकोत. मुलगी त्याच्याजवळ जाण्याआधी केसांतला गजरा काढून खिडकीत ठेवते. या आख्ख्या सकाळमधली ही एक हालचाल मला विसरता येणार नाही.

दुपारी आम्ही गाडीत आहोत. गावोगावी जाऊन घरच्या घरी औषधोपचार देण्याची राज्य सरकारची योजना ऑगस्ट 2021 मध्ये सुरू झाली, मक्कळै तेडि मरुत्तुवम, म्हणजे माणसांना शोधत निघालेलं औषध. तिची ही गाडी. पॅलिएटिव्ह केअरची नर्स गोळ्यांचा साठा न्यायला रुग्णालयात आली होती, तिच्याबरोबर फॉर्मवाली मुलगी, आक्का आणि मी. मागच्या बाकावर काड्यांची जुडी मांडीवर घेऊन ती लावणीवाली बाई. तिचं गाव वाटेवरच आहे.

रस्त्याच्या कडेनं कालवा आहे. मेट्टूर धरणाबरोबर 1934 साली झाला, तरी लोक त्याला अजून पुदु आरु, नवी नदी म्हणतात. यंदा मेट्टूरचे दरवाजे ठरल्या तारखेला, 12 जूनला उघडले, मग कल्लणै बंधाऱ्याचे. पाणी येऊन थोडेच दिवस झालेत. गढूळ, चहाच्या रंगाचं, पानं-काटक्या घेऊन चाललेलं. याच रस्त्यानं पुढं गेलं की ओरत्तनाडूला व्यंकोजींच्याच वंशातल्या सरफोजी राजांनी आपल्या प्रिय मुक्तांबेच्या आठवणीत बांधलेलं छत्र लागतं. त्या काळच्या छत्रांत वाटसरूला जेवण मिळे, आणि वाटेत आजारी पडलाच तर वैद्यही असे. याच राजांच्या वेळी डोळ्यांच्या रुग्णांची एकेकाची टिपणं ठेवली गेली, दुखरे डोळे चित्रकाराकडून रंगवून घेतले गेले. ते कागद तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. आजच्या मुलीच्या गठ्ठ्याकडे बघताना मला ते आठवतात.

पहिलं घर कौलारू. ओट्यावर, इथल्या भाषेत तिण्णैवर, खाट टाकली आहे. सत्तरी ओलांडलेले शेतकरी आजोबा उशीला रेलून बसलेत. प्रोस्टेटचा कर्करोग कण्यात उतरलाय. पायांत बळ नाही. तीन महिन्यांपूर्वी, नर्स सांगते, हे रात्र रात्र खांबाला डोकं टेकून बसलेले असायचे. आडवं झालं की पाठीत कोणी पहार घालतंय असं वाटायचं, आणि ओरडू नये म्हणून टॉवेल चावायचे. घरच्यांना वाटायचं, हा रोगच असा, सोसायलाच हवं.

नर्स पत्र्याच्या पेटीतून मॉर्फिनच्या गोळ्या काढते, मोजते, वहीत लिहिते, आजींचा अंगठा घेते. आपल्या देशात 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानं या गोळीभोवती इतके परवाने उभे केले की रुग्णालयांनी ती ठेवणंच सोडलं. 2014 साली कायदा बदलला तेव्हा वाट थोडी मोकळी झाली. मुंबईत वांद्र्याला 1986 साली शांती अवेदना सदन सुरू झालं, देशातलं पहिलं हॉस्पिस. तेव्हापासून काही डॉक्टर एकच गोष्ट सांगत आलेत: कर्करोगाच्या वेदनेला मोजून दिलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागत नाही, आणि ते मरण जवळही आणत नाही. अजून कित्येक घरांत हे पोचलेलं नाही, याचा मला राग येतो. पाच-सहा दशकं जुनं ज्ञान, नगण्य किमतीची गोळी, आणि माणसं टॉवेल चावताहेत.

गोळी दर चार तासांनी. आजींना घड्याळ वाचता येत नाही. त्यांनी स्वतःची वेळ बांधली आहे: देवळाची घंटा झाली की एक, दहाची टाउन बस गेली की दुसरी, शेळ्या सावलीला आल्या की तिसरी, दिवेलागणीला चौथी, आणि रात्रीची मालिका संपली की निजण्याआधी दोन एकदम. सोबत पोट साफ राहायची गोळी, ती चुकवायची नाही. गेल्या महिन्यात बस संपामुळे आली नाही तर दहाची गोळी राहिली का, असं नर्स विचारते. आजी तिच्याकडे बघतात. "बस आली नाही हे कळायला वेळ कळावीच लागते ना?"

मुलगी फॉर्म काढते. लांब चालताना त्रास होतो का, या प्रश्नाला आजोबा पायांकडे बोट दाखवून हसतात. जेवणाखाण्याला, अंघोळीला मदत लागते का? रोंब. दुखतं का? कोंजम. झोप? ते आकाशाकडे हात जोडतात. एकोणतिसावा प्रश्न: गेल्या आठवड्यात तब्येत एकूण कशी होती? दोन. तिसावा: जगणं?

"आरु," ते म्हणतात. सहा.

मुलीला वाटतं ऐकण्यात चूक झाली. ती पुन्हा विचारते, एक म्हणजे अगदी वाईट, सात म्हणजे उत्तम. आजोबा जरा वैतागतात. लहान पोरीला शेत समजावून सांगावं तसं सांगतात, आणि आक्का मला एकेक वाक्य देत जातात: तब्येतीचं तू वेगळं विचारलंस, ती गेलीच आहे, दोनसुद्धा तुझ्यासाठी दिले. पण आठवडाभर आडवा झोपलो. ही पुन्हा माझ्यावर ओरडायला लागली, चार महिने घाबरून गोड बोलत होती. आणि परवा पाणी आलं. थोरला पहिलं पाणी तांब्यात घेऊन आला, माझा हात त्यात बुडवला. गार होतं. मेट्टूरचं पाणी गार असतं.

खाटेखाली तो तांब्या अजून आहे. पाण्यात झेंडूच्या दोन पाकळ्या तरंगताहेत.

मुलगी एकोणतीससमोर दोन आणि तीससमोर सहा लिहिते.

तिथून निघतो तेव्हा चार वाजायला आलेत. बोअरच्या पाण्यावर ज्यांनी आधीच रोपं तयार केली त्या शेतांत लावणी चालू आहे. चिखलात वीसेक बायका एका रांगेत वाकल्या आहेत, पदर खोचलेले, डोक्याला टॉवेल. मागच्या बाकावरून बाई ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारते. गाडी थांबते.

तिची टोळी. कोणीतरी तिला ओळखतं, हाक जाते, एकेक पाठ सरळ होते. ती मंजप्पै आक्कांच्या मांडीवर ठेवते, साडी गुडघ्यापर्यंत खोचते आणि बांध उतरून चिखलात पाय घालते. नर्स "उन्हात नको, पाणी पी," म्हणून ओरडते. ती मागं न बघता हात हलवते. एक म्हातारी तिच्या हातात रोपांची पेंढी देते. ती वाकते, अंगठा आणि दोन बोटं, एक रोप, दुसरं, तिसरं. हात काहीच विसरलेले नाहीत.

मग मधूनच आवाज उठतो. आधी एकीचा, मग सगळ्यांचा. लांब, थरथरता, पाण्यावरून आमच्यापर्यंत येणारा. बायकांनी ओठांसमोर हात धरलेत, तिनंही धरलाय. त्या वीस आवाजांत तिचा आहे का, असला तर कुठला, हे गाडीतून मला कळत नाही. मी आक्कांकडे बघते. त्या डोळे मिटून ऐकताहेत.

मुलीच्या मांडीवर सकाळचा फॉर्म आहे. तिसाव्या प्रश्नासमोरची जागा अजून रिकामी. ती पेनाचं टोपण काढते, खिडकीतून बघते, टोपण परत लावते. ड्रायव्हर हॉर्न वाजवतो. अजून दोन घरं व्हायची आहेत, आणि शेळ्या सावलीला येऊन बराच वेळ झालाय.